द्विघटकी मिश्रधातूंच्या प्रावस्था समतोल आकृती

दोन धातू, किंवा एक धातू व कार्बनासारखे एक अधातू मूलद्रव्य, वेगवेगळ्या प्रमाणांत एकत्र केले असता कोणत्या तापमानाला कोणत्या प्रावस्था समतोलात राहतील हे दाखविणाऱ्या आलेखाला द्विघटकी मिश्रधातूची प्रावस्था समतोल आकृती म्हणतात. आडव्या अक्षावर संघटन (म्हणजे घटकांचे प्रमाण) आणि उभ्या अक्षावर तापमान मांडलेले असते, तर दाब वातावरणाइतका व स्थिर गृहीत धरलेला असतो. संघटन वजनाच्या टक्क्यांत दिले आहे की अणुसंख्येच्या, हे आधी पाहून घ्यावे लागते. लोखंडातील वजनाने ०.७६ टक्के कार्बन म्हणजे अणुसंख्येने सुमारे ३.४ टक्के कार्बन होय, आणि या दोहोंची गल्लत झाली तर पुढचे सगळे गणित चुकते.

प्रावस्था म्हणजे पदार्थाचा असा भाग, की ज्याची संरचना व संघटन त्या भागात सर्वत्र सारखे असून जो इतर भागांपासून स्पष्ट सीमेने वेगळा झालेला असतो. वितळलेला रस ही एक प्रावस्था आहे आणि प्रत्येक प्रकारची स्फटिकरचना ही एकेक स्वतंत्र प्रावस्था आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा दिसणारा प्रत्येक घटक मात्र प्रावस्था नसतो. पोलादातील पर्लाइट हा फेराइट (जवळजवळ शुद्ध लोखंड) व सिमेंटाइट (लोखंड व कार्बन यांचे संयुग) या दोन प्रावस्थांच्या पातळ पत्र्यांचा एकाआड एक थर आहे, ती तिसरी प्रावस्था नव्हे. आकृतीत पर्लाइटचे क्षेत्र शोधणाऱ्या विद्यार्थ्याला ते सापडत नाही, ते याच कारणामुळे.

सैद्धांतिक आधार : आकृतीतील रेषा प्रयोगाने ठरविल्या जात असल्या, तरी त्यांच्यामागील तत्त्व मुक्त ऊर्जेचे, म्हणजे पदार्थातील कामासाठी उपलब्ध असलेल्या ऊर्जेचे, आहे. दिलेल्या तापमानाला ज्या मांडणीची मुक्त ऊर्जा सर्वांत कमी, ती मांडणी समतोलाची. प्रत्येक प्रावस्थेची मुक्त ऊर्जा संघटनानुसार बदलत जाते व तिचा एक वक्र मिळतो. दोन प्रावस्थांच्या वक्रांना एकच सामाईक स्पर्शिका काढता आली, तर स्पर्शबिंदूंच्या दरम्यानच्या संघटनांना एकाच प्रावस्थेत राहण्यापेक्षा त्या दोन प्रावस्थांत विभागले जाणे ऊर्जेच्या दृष्टीने सोयीचे ठरते. हे दोन स्पर्शबिंदू तापमान बदलत जाईल तसतसे सरकतात, आणि त्यांचा माग म्हणजेच आकृतीतील सीमारेषा.

जोसाया विलर्ड गिब्ज यांनी १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध केलेल्या कामातून प्रावस्था नियम पुढे आला. दाब स्थिर धरल्यास तो असा लिहितात : मुक्ततेची मात्रा = घटकांची संख्या − प्रावस्थांची संख्या + १. दोन घटकांच्या मिश्रधातूत एकच प्रावस्था असेल, तर तापमान व संघटन ही दोन्ही स्वतंत्रपणे बदलता येतात. दोन प्रावस्था असतील, तर तापमान निवडताच दोन्ही प्रावस्थांची संघटने ठरून जातात. तीन प्रावस्था एकत्र असतील, तर काहीच बदलता येत नाही. म्हणून तीन प्रावस्थांचा समतोल आकृतीत क्षेत्र म्हणून येत नाही, तर एका ठरावीक तापमानाची आडवी रेषा म्हणून येतो. एखाद्या छापील आकृतीत दोन एक-प्रावस्था क्षेत्रे मध्ये द्वि-प्रावस्था क्षेत्र न येता लांबवर एकमेकांना चिकटलेली दिसली, तर ती आकृती या नियमाच्या आधारे निःशंकपणे चुकीची ठरविता येते.

संपूर्ण विद्राव्यता : सर्वांत साधी आकृती तांबे व निकेल यांची आहे. दोघांची स्फटिकरचना फलक-केंद्रित घनाकृती (घनाच्या कोपऱ्यांवर व प्रत्येक फलकाच्या मध्यावर अणू) असून अणूंच्या आकारांतही फारसा फरक नाही, त्यामुळे ते घन स्थितीत कोणत्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात. आकारांतील फरक १५ टक्क्यांहून अधिक असल्यास विस्तृत घन विद्राव (एका घनात दुसरा विरघळलेला) बनत नाही, हा ह्यूम-रोदरी यांचा नियम येथे आठवावा. तांब्याचा वितळबिंदू १०८५° से. व निकेलचा १४५५° से. आहे. या दोन बिंदूंना जोडणाऱ्या दोन रेषांपैकी वरची द्रवरेषा होय व खालची घनरेषा. द्रवरेषेच्या वर सर्व द्रव, घनरेषेच्या खाली सर्व घन आणि मधल्या भिंगासारख्या पट्ट्यात दोन्ही असतात. १२५०° से. तापमानाला या पट्ट्यातील द्रवात सुमारे ३२ टक्के, तर त्याच्याशी समतोलात असलेल्या घनात सुमारे ४३ टक्के निकेल असते. शुद्ध धातू एका तापमानाला गोठतो, मिश्रधातू मात्र सामान्यतः तापमानाच्या एका पल्ल्यात गोठते, आणि गोठताना घन व द्रव या दोहोंचे संघटन सतत बदलत राहते.

आकृती आणि वास्तव यांतील पहिली तफावत येथेच दिसते. समतोल टिकवायचा, तर आधी गोठलेल्या, निकेल अधिक असलेल्या गाभ्याने आपले संघटन क्षणोक्षणी सुधारून घेतले पाहिजे. घनातील अणूंचे विसरण (एका जागेवरून दुसरीकडे सरकत पसरणे) इतके मंद असते, की साच्यात ओतलेल्या धातूला तेवढी सवड मिळत नाही. परिणामी प्रत्येक कणाचा गाभा निकेलने समृद्ध व कडा तांब्याने समृद्ध राहते, आणि शेवटचा द्रव आकृतीने सांगितलेल्या तापमानाच्याही खाली टिकून राहतो. असे ओतकाम पुन्हा तापविताना कडा घनरेषेच्या आधीच वितळू शकतात व तुकडा दाबाखाली फुटतो. त्यासाठी घडाईपूर्वी त्याला घनरेषेखालच्या उच्च तापमानाला दीर्घकाळ ठेवून संघटन एकसारखे करून घेतात.

युटेक्टिक आकृती व तरफेचा नियम : शिसे व कथिल यांची आकृती वाचनाचा सराव करण्यासाठी सर्वांत उपयुक्त आहे. शिसे ३२७° से. ला, कथिल २३२° से. ला वितळते, पण ६१.९ टक्के कथिल असलेले मिश्रण दोघांच्याही खाली, १८३° से. ला वितळते. या युटेक्टिक बिंदूपाशी द्रव एकाच वेळी दोन घनांत रूपांतरित होतो : १८.३ टक्के कथिल असलेला शिसेप्रधान अल्फा आणि ९७.८ टक्के कथिल असलेला बीटा.

आता ३० टक्के कथिल असलेली मिश्रधातू सावकाश थंड होत आहे असे मानू. अडीचशे अंशांच्या थोड्या वर ती द्रवरेषा ओलांडते व अल्फाचे कण गोठू लागतात. १८३° से. च्या किंचित वर आडवी जोडरेषा काढली, तर तिचे डावे टोक १८.३ वर व उजवे ६१.९ वर टेकते. ही टोके दोन प्रावस्थांची संघटने देतात. प्रमाण काढण्यासाठी मिश्रधातूचे संघटन हा तरफेचा टेकू मानतात व एका प्रावस्थेचा अंश काढताना तिच्या विरुद्ध बाजूची भुजा घेतात. द्रवाचा अंश (३० − १८.३) ÷ (६१.९ − १८.३), म्हणजे सुमारे २७ टक्के येतो व उरलेला ७३ टक्के अल्फा असतो. तापमान १८३° से. च्या किंचित खाली गेले, की तो द्रव युटेक्टिक मिश्रणात गोठतो. तेव्हा जोडरेषा १८.३ पासून ९७.८ पर्यंत पसरते व त्याच मिश्रधातूतील एकूण अल्फा सुमारे ८५ टक्के भरतो. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण पहिले आधी गोठलेल्या कणांचे आहे, तर दुसऱ्यात युटेक्टिकमधला अल्फाही धरलेला आहे. तरफेचा नियम मुळात वस्तुमानाचा हिशेब आहे. भुजा उलट घेतल्यामुळे होणारी चूक इतकी सार्वत्रिक आहे, की उत्तर आल्यावर मिश्रधातूचा बिंदू ज्या टोकाजवळ असेल त्या प्रावस्थेचे प्रमाण जास्त आले की नाही, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

विद्युत उपकरणांच्या जोडणीत फार काळ वापरला गेलेला डाख युटेक्टिकच्या जवळचा होता, कारण तो जवळजवळ एकाच तापमानाला गोठतो आणि अर्धवट गोठलेल्या स्थितीत सांधा हलण्याची भीती कमी असते. शिसाच्या नळांच्या सांध्यांसाठी मात्र उलट गुण हवा होता. शिसे अधिक असलेला, गोठताना बराच वेळ लगद्यासारखा राहणारा डाख तेथे हाताने आकार देण्यास सोयीचा पडे.

ॲल्युमिनियम-सिलिकॉन (५७७° से., सुमारे १२.६ टक्के सिलिकॉन) व चांदी-तांबे (७७९° से., सुमारे २८ टक्के तांबे) याही युटेक्टिक आकृती आहेत. पेरिटेक्टिक प्रकारात द्रव व एक घन मिळून दुसरा घन तयार होतो. नवा घन जुन्याभोवती कवच धरून बसत असल्याने ही विक्रिया सहसा अपुरी राहते. पितळ व कासे यांच्या आकृतींत असे अनेक टप्पे एकाखाली एक येतात. ठरावीक प्रमाणाची आंतरधातवी संयुगे बनत असतील, तर त्या संयुगाच्या उभ्या रेषेपाशी आकृतीचे दोन भाग करून प्रत्येक भाग स्वतंत्रपणे वाचता येतो. संयुग संघटन न बदलता वितळत असेल, तर हे विशेष सोपे जाते. मॅग्नेशियम-शिसे आकृती हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

लोह-कार्बन आकृती : सर्वाधिक वापरली जाणारी ही आकृती काटेकोरपणे पाहता पूर्ण समतोलाची नाही. कार्बनाची खरी स्थिर अवस्था ग्रॅफाइट आहे, पण पोलादात त्याऐवजी सिमेंटाइट हे संयुग बनते व व्यवहारात टिकूनही राहते. म्हणून लोह-सिमेंटाइट आकृतीला अर्धस्थायी म्हणतात. शुद्ध लोखंड ९१२° से. ला फेराइट या काय-केंद्रित (घनाच्या कोपऱ्यांवर व मधोमध अणू) रूपातून ऑस्टेनाइट या फलक-केंद्रित रूपात बदलते, १३९४° से. ला पुन्हा काय-केंद्रित होते आणि १५३८° से. ला वितळते. ऑस्टेनाइटमध्ये ११४७° से. ला २.१४ टक्क्यांपर्यंत कार्बन विरघळतो, तर फेराइटमध्ये ७२७° से. ला जेमतेम ०.०२२ टक्के. पोलादाची सारी उष्णतोपचारविद्या या फरकावर उभी आहे. ०.७६ टक्के कार्बन असलेला ऑस्टेनाइट ७२७° से. ला फेराइट व सिमेंटाइट यांत विभागून पर्लाइट होतो. या घनातून दोन घन होण्याच्या विक्रियेला युटेक्टॉइड म्हणतात. ०.४ टक्के कार्बनाच्या पोलादात तरफेच्या नियमाने सुमारे ४९ टक्के आधी सुटलेला फेराइट व ५१ टक्के पर्लाइट येतो, आणि सावकाश थंड केलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शक जवळजवळ हेच दाखवितो. तेच पोलाद लाल असताना पाण्यात बुडविले, तर मार्टेन्साइट (कार्बन अडकून राहिलेली अतिशय कठीण रचना) मिळतो, जो आकृतीत कोठेच नाही. त्याच्यासाठी काळ हा अक्ष असलेले वेगळे वक्र लागतात. ते डॅव्हनपोर्ट व बेन यांनी १९३० मध्ये मांडले.

ही आकृती घडत जाण्यास बराच काळ लागला. रॉबर्ट्स-ऑस्टेन यांनी १८९७ च्या सुमारास तिचे प्रारंभिक रूप मांडले आणि डच रसायनशास्त्रज्ञ रोझेबूम यांनी १९०० मध्ये तिला प्रावस्था नियमाची कसोटी लावली. शीतन वक्र (थंड होताना वेळेनुसार घटणाऱ्या तापमानाचा आलेख) नोंदवून त्यातील वळणे व सपाट टप्पे शोधणे ही तेव्हाची मुख्य पद्धत होती. केंब्रिजचे हेकॉक व नेव्हिल यांनी तांबे-कथिल आकृतीसाठी ठरावीक तापमानांवरून तुकडे झटकन थंड करून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. घनातील मंद बदल शीतन वक्रावर उमटतच नाहीत, म्हणून ही जोड निर्णायक ठरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लॅरी कॉफमन व इतरांनी मुक्त ऊर्जांची समीकरणे संगणकाने सोडवून आकृती काढण्याची पद्धत रूढ केली. प्रयोगाची गरज त्यामुळे संपलेली नाही, कारण समीकरणांतील स्थिरांक मोजमापांतूनच येतात.

आकृतीवरून नवीन गुणधर्माचा उलगडा झाल्याचे उत्तम उदाहरण ॲल्युमिनियम-तांबे यांचे आहे. तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून झटकन थंड केल्यावर काही दिवस नुसते ठेवले तरी कठीण होत जाते, हे आल्फ्रेड विल्म यांना १९०६ मध्ये आढळले, पण कारण कळले नाही. १९१९ मध्ये अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधील मेरिका, वॉल्टनबर्ग व स्कॉट यांनी ते विद्राव्यता रेषेच्या (कोणत्या तापमानाला किती विरघळते हे दाखविणाऱ्या रेषेच्या) उतारात शोधले. ॲल्युमिनियममध्ये ५४८° से. ला ५.६५ टक्के तांबे विरघळते, सामान्य तापमानाला मात्र ते नगण्य उरते. झटकन थंड केल्याने अडकून पडलेला जादा तांब्याचा अंश नंतर अतिसूक्ष्म रूपात वेगळा होतो आणि स्फटिकातील सरकण अडवितो. सर्वाधिक बळ देणारे हे सूक्ष्म समूह स्वतः समतोल प्रावस्था नसतात. आकृती त्यांचे नाव सांगत नाही, मात्र ते कोणत्या मिश्रधातूंत संभवतात हे सांगते.

सोने-सिलिकॉन आकृतीतही असेच घडले. सोने १०६४° से. ला व सिलिकॉन १४१४° से. ला वितळते, पण अणुसंख्येने सुमारे १९ टक्के सिलिकॉन असताना युटेक्टिक ३६३° से. इतके खोल उतरते. द्रव एवढ्या खालच्या तापमानापर्यंत स्थिर राहत असेल, तर त्याला स्फटिक होण्याची संधी न देता गोठविणे तुलनेने सोपे जावे. पॉल डुवेझ यांच्या गटाने १९६० मध्ये या युटेक्टिकजवळच्या रसाला सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांच्या वेगाने थंड करून पहिली धातवी काच (स्फटिकरचना नसलेला घन धातू) मिळविली. अशा काचांसाठी योग्य संघटने हेरताना खोल युटेक्टिकच्या आसपास प्रथम पाहिले जाते, जरी काच ही प्रावस्था म्हणून त्या आकृतीत कोठेही दाखविलेली नसते.