२५०० फेऱ्यांवरची परीक्षा: बाइकचं इंजिन, घरी बांधलेली कार आणि तिचा एक्झॉस्ट

इंग्लंडमध्ये घरच्या गॅरेजात स्वतःच्या हातांनी गाडी बांधणाऱ्यांची मोठी जमात आहे. किट विकत घ्यायचं किंवा चौकोनी नळ्या कापून सांगाडा स्वतःच वेल्ड करायचा, आणि १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या धर्तीची ठेंगणी, उघडी, दोघांपुरती गाडी उभी करायची. यांतले काही जण त्या सांगाड्यात मोटरसायकलचं इंजिन बसवतात. १९९८ च्या यामाहा आर-वनचंच बघा: ९९८ सीसी, १०,००० आरपीएमला (म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांवर) १५० अश्वशक्ती, आणि गिअरबॉक्स इंजिनातच. गाडीचं वजन ५०० किलोच्या आसपास. ती कशी पळत असेल, याची कल्पना करता येईल.

पण रस्त्यावर आणण्याआधी या गाडीला ‘आयव्हीए’ नावाची सरकारी तपासणी पार करावी लागते, आणि बाइकच्या इंजिनाची खरी कसोटी एक्झॉस्टमध्येच लागते. बाइकवरचा मूळ एक्झॉस्ट उपयोगाचा नसतो. बाइकमध्ये इंजिन आडवं असतं, इथे ते नव्वद अंशांत फिरवून गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवतात, म्हणजे चार नळ्या बॉनेटच्या कुशीतून बाहेर निघतात. त्या नव्याने वाकवून, जोडूनच घ्याव्या लागतात.

इंजिन नव्या काळातलं असेल तर धुराचे आकडे कडक असतात. इंजिन २५०० ते ३००० आरपीएमवर धरायचं; कार्बन मोनॉक्साइड इंजिनाच्या वयानुसार ०.२ किंवा ०.३ टक्क्याच्या आत, हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेल्या पेट्रोलचे अंश, दशलक्ष भागांत २०० च्या आत, आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये. लॅम्डा म्हणजे पेट्रोल पूर्ण जळायला जेवढी हवा लागते, तिच्या तुलनेत प्रत्यक्ष किती मिळाली याचं प्रमाण. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा मिळाली की लॅम्डा बरोबर १. आपल्याकडे नव्या पेट्रोल कारच्या पीयूसीतही हा आकडा तपासला जातो.

हे आकडे गाठून देतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, बोलीभाषेत कॅट. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची वीट असते. चौरस इंचाला ४०० भोकं असलेल्या एक लिटर आकारमानाच्या विटेत भोकांच्या भिंतींचा पृष्ठभाग जवळजवळ पावणेतीन चौरस मीटर भरतो. त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा अगदी पातळ थर. या धातूंच्या सान्निध्यात कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोकार्बन जळून जातं आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांमधला ऑक्सिजन सुटतो. ही तिन्ही कामं एकदम व्हायची तर लॅम्डा १ च्या अगदी जवळ हवा. आणखी एक अट आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे: कॅट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागतच नाही.

कारच्या इंजिनासाठी २५०० आरपीएम म्हणजे रोजची चाल. बाइकचं इंजिन हजार-बाराशेवर आयडल करतं आणि दहा हजारांवर रंगात येतं. त्याच्यासाठी २५०० म्हणजे नुकती झोप उघडलेली अवस्था. थ्रॉटल जेमतेम उघडा, वायू थोडा, तोही कोमट. त्यात वरच्या फेऱ्यांसाठी घडवलेला कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, इनलेट आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे ठेवतो. कमी फेऱ्यांवर त्या फटीतून ताजं मिश्रण न जळताच एक्झॉस्टमध्ये निसटतं आणि हायड्रोकार्बनचा आकडा चढतो. इंजिनात काहीही बिघाड नसतो. ज्या वेगासाठी ते जन्मलं नाही, त्या वेगावर त्याचं मोजमाप होतं, एवढंच.

म्हणून असा एक्झॉस्ट बांधताना पहिला विचार उष्णतेचा करावा. कॅट शक्य तितका इंजिनाजवळ, चार नळ्या एकत्र येतात तिथून लगेच पुढे. त्याच्याआधीच्या नळ्यांना उष्णतारोधक पट्टी गुंडाळायची. लॅम्डा सेन्सर, म्हणजे धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा सेन्सर, चारही नळ्या एक झाल्यावर पण कॅटच्या आधी, आणि नळीच्या वरच्या अंगाला, घड्याळात दहा ते दोनच्या मधल्या जागी. खाली बसवला तर साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर येऊन तो तडकतो. रेसिंगसाठीचा मोठ्या भोकांचा कॅट घ्यायचा मोह अनेकांना होतो. त्यात पृष्ठभाग कमी, म्हणजे नेमकं मंद चालीवर हातचं साधन कमी. मी तो घेणार नाही.

दुसरा शत्रू हवेची गळती. एक्झॉस्टमधला दाब एकसारखा नसतो. प्रत्येक स्फोटामागून क्षणभर पोकळी येते आणि केसाएवढ्या फटीतूनही बाहेरची हवा आत ओढली जाते. तपासणी यंत्र धुरातला ऑक्सिजन धरून लॅम्डा काढतं, त्यामुळे मिश्रण बरोबर असूनही आकडा १.०३ च्या पलीकडे जातो. बिचारा मालक मग पेट्रोल वाढवत बसतो आणि कार्बन मोनॉक्साइड बिघडवून घेतो. काही बाइकमध्ये एक्झॉस्ट पोर्टात मुद्दाम ताजी हवा सोडणारी व्यवस्था असते. तीही इथे हाच घोळ घालते, म्हणून ती बंद करावी लागते. गळती शोधायची रीत साधी. इंजिन थंड असताना सुरू करायचं, मागचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबायचं आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडायचं. फेस येईल तिथे फट. स्टेनलेस नळी वेल्ड करताना आतून आरगॉन हा निष्क्रिय वायू भरला नाही, तर सांध्याची आतली बाजू जळून खडीसाखरेच्या खड्यांसारखी खरबरीत होते, आणि पुढे तडा जातो तो बहुधा तिथेच.

आवाजाचं गणित त्या मानाने सोपं. नळीच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन, आणि मर्यादा ९९ डेसिबल. इंजिन कमाल शक्तीच्या फेऱ्यांच्या पाऊणपटीवर, म्हणजे आपल्या आर-वनसाठी ७५०० वर. चार सिलिंडर, दर फेरीला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला २५०. काचतंतू भरलेला सायलेन्सर खर्जापेक्षा असे वरचे स्वर चांगले शोषतो. फक्त तंतू जळून विरले की आवाज परत येतो. तपासणीआधी भरण नवं करून घेतलेलं बरं.

तपासणीच्या दिवशी गाडी ट्रेलरवरून थंडगार नेण्यापेक्षा आधी चांगली तापवलेली बरी. रांगेत थांबावं लागलं की नळी पुन्हा निवते. मग तपासणी यंत्राचा प्रोब (धूर ओढणारी नळी) एक्झॉस्टमध्ये जायच्या आधी इंजिन मिनिट-दोन मिनिटं ४००० वर धरायचं. कॅट तापून कामाला लागला की पडद्यावरचा हायड्रोकार्बनचा आकडा पाचशे, चारशे, दीडशे असा घसरत जातो. तो २०० खाली आला की इंजिन सावकाश २५०० वर आणायचं आणि मोजमाप घ्यायला सांगायचं, कारण कॅट लगेच पुन्हा निवायला लागलेला असतो.