कोलोनोस्कोपीआधी आतडं धुताना

“दिवसातून दहा वेळा जावंच लागतं, मग वर आणखी जुलाबाचं औषध कशाला?” अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराचा जुनाट दाह, असलेल्या माणसाचा हा प्रश्न रास्त आहे. पण वारंवार जावं लागतं म्हणून आतडं रिकामं असतं असं नाही. दाह गुदाशयात आणि डाव्या बाजूला असेल, तर तिथून रक्त आणि आव पडत राहते आणि त्याच वेळी उजव्या बाजूला मळ साचलेला असू शकतो.

आजार मोठ्या आतड्यात पसरलेला असेल, तर साधारण 8 वर्षांनंतर कर्करोगाआधीचे बदल शोधण्यासाठी ठरावीक काळाने कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करतात. हे बदल कधीकधी इतके सपाट असतात की मळाचा पातळ थरही त्यांना झाकतो.

म्हणून पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर, बहुधा 2 ते 4 लिटर पाण्यात. ती रक्तात जवळजवळ शोषली जात नाही, पाणी आतड्यातच धरून ठेवते. सोबतचे क्षार शरीरातलं संतुलन राखतात. अर्धी आदल्या संध्याकाळी आणि अर्धी तपासणीच्या 4 ते 6 तास आधी घेतली की आतडं जास्त स्वच्छ होतं.

घरात कुणाची उरलेली दुसरी पावडर मात्र वापरू नका. तिच्यात सोडियम फॉस्फेट असेल, तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. शिवाय अस्तरावर बारीक व्रण उठतात, तोंड येतं तसे, आणि ते क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहाच्या आजारातल्या व्रणांसारखेच दिसतात! आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकही असे व्रण करू शकतात. मग आजार कोणता आणि औषधाची करामत कोणती, हे ठरवणं अवघड होतं.

दोन-तीन दिवस आधीपासून बिया आणि चोथा बंद. इंदूरकरांना हे जड जाणार, कारण आपल्या पोह्यांवर बडीशेप, शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे सगळंच असतं, आणि भुट्ट्याचा कीसही त्यातच आला. दाणे दुर्बिणीची शोषनळी तुंबवतात. हलकं म्हणून साबुदाण्याची खिचडी केली, तर दाण्याचा कूट आलाच. त्यापेक्षा मऊ भात, दही, सोललेला उकडलेला बटाटा बरा. आदल्या दिवशी डॉक्टर सांगतील तसं नितळ पेय. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग रक्तासारखा दिसतो.

आतडं कुठे अरुंद झालेलं असेल, तर ते आधीच सांगा. पावडर पिताना पोट फुगून दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर पिणं थांबवून लगेच फोन करा. आजार फार उसळलेला असताना पूर्ण सफाई टाळतात. तेव्हा आतड्याचा शेवटचा भागच छोट्या दुर्बिणीने, बहुधा पावडर न देता पाहतात. आणि स्टेरॉइड चालू असेल, तर तपासणी आहे म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नका.