मुळातून इंग्रजी शब्द : मराठवाड्यातली पार्श्वभूमी

लातूर, नांदेडला 'नीट'ची तयारी करायला येणारी बरीच मुलं मराठी किंवा सेमी-इंग्रजी शाळांतली असतात. अकरावीचं जीवशास्त्र उघडलं की इंग्रजी संज्ञांनी ती गांगरतात. अशा वेळी शब्दाची फोड करून शिकवण्याची रीत फार कामी येते. ती बाहेरून आलेली वाटली, तरी आपल्या भागात तिची मुळं जुनी आहेत.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू, आणि इंग्रजी सक्तीचा विषय. विद्यापीठासाठी दारुल तर्जुमा हे भाषांतर खातं निघालं. इंग्रजी संज्ञांना उर्दू प्रतिशब्द घडवायचे, हे त्याचं काम. त्यासाठी अरबी-फारसीचा मोठा आधार घेतला गेला. अरबीत तीन व्यंजनांच्या एका धातूतून हुकूम, हाकीम, हुकूमत, महकमा असं सगळं कुटुंब निघतं. संस्थानी कारभारात वावरलेल्या माणसांच्या तोंडी हे शब्द रोजचे होते.

संस्थान गेलं, शिक्षण मराठीत आलं आणि परिभाषा संस्कृत धातूंवर उभी राहिली. 'प्रकाशसंश्लेषण' घ्या. ग्रीकमध्ये फोटो म्हणजे प्रकाश, सिन म्हणजे एकत्र, थेसिस म्हणजे मांडणं. मराठी शब्द याच क्रमानं बांधलाय. हिपॅटायटिस म्हणजे यकृतदाह: हिपॅट यकृत, आयटिस दाह. हा 'आयटिस' एकदा ओळखीचा झाला की गॅस्ट्रायटिस, डर्मटायटिस हे शब्द मूल आपणहून सोडवतं. मराठी माध्यमातल्या मुलाला अर्थ आधीच ठाऊक असतो, ही त्याची जमेची बाजू आहे, आणि शिकवताना नेमकी तीच वाया जाते याचं मला फार वाईट वाटतं.

इंग्रजीत ही परकी मुळं आली कशी? १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच शब्दांचा लोंढा आला. पुढे विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून हजारो शब्द घेतले. १७८६ साली कलकत्त्यात इंग्रज न्यायाधीश आणि भाषा अभ्यासक विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं असं मांडलं. दंत आणि डेंटल, नाम आणि नॉमिनेशन ही जवळीक त्यातूनच आलेली.

राज्यात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, पण भर राहिला स्पेलिंगच्या पाठांतरावर. अर्थात मुळं कधीकधी फसवतातही. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. पेडियाट्रिक्समधला ग्रीक, म्हणजे मूल. त्यामुळे मुळाबरोबर शब्दाचा वापर वाक्यात दाखवावाच लागतो.