चर्चबाहेर काढलेल्यांची मंडळी

सतराव्या शतकात इंग्लंडचं राजमान्य चर्च आणि त्याला न जुमानणारे पाळक यांच्यात पेटलेला वाद वरवर पाहता एका प्रार्थनापुस्तकाचा होता. १६६२च्या कायद्याने प्रत्येक पाळकाला बजावलं: राजमान्य प्रार्थनापुस्तकातलं सगळं मला मान्य आहे, असं २४ ऑगस्टच्या आत भर उपासनेत जाहीर करा, नाहीतर पद सोडा. सुधारलेलं पुस्तक कित्येक गावांत तोवर पोचलंही नव्हतं. शिवाय वर्षाचा दशमांश, म्हणजे गावकऱ्यांच्या उत्पन्नातला पाळकाचा दहावा हिस्सा, हाती यायला महिनाभर उरला होता. तरीही मनाला न पटणारं बोलण्यापेक्षा बायकामुलांसह घर सोडणं अनेकांनी पत्करलं. १६६० पासूनचे धरले तर असे सुमारे दोन हजार पाळक बाहेर पडले. 'डिसेंटर', म्हणजे राजमान्य चर्चशी असहमत, म्हणतात ते हे लोक. त्यांचे पंथ: प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट. क्वेकरही त्यांच्यातच मोडतात.

पुढचे कायदे आणखी जाचक होते. घरच्यांखेरीज पाचांहून जास्त माणसं उपासनेला जमली की गुन्हा. जिथे सेवा केली त्या गावाच्या पाच मैलांच्या आत पाळकाने फिरकायचं नाही. भांडी दुरुस्त करत फिरणारा उपदेशक आणि पुढे 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस'चा लेखक झालेला जॉन बनियन तर त्याआधीच, १६६०मध्ये, बेडफर्डच्या तुरुंगात गेला होता. उपदेश थांबवतो म्हणाला असता तर सुटला असता. तो बारा वर्षं आत राहिला आणि बुटांच्या नाड्या करून घर चालवत राहिला. त्याची थोरली मुलगी आंधळी होती. हे वाचताना आजही गलबलतं.

१६८९मध्ये उपासनेची मोकळीक मिळाली, पण सरकारी पदांवरची बंदी १८२८पर्यंत टिकली. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं बंद, म्हणून त्यांनी स्वतःच्या विद्यालयांतून विज्ञान आणि आधुनिक भाषा शिकवल्या. वॉरिंग्टनच्या विद्यालयात ऑक्सिजनच्या शोधासाठी ओळखला जाणारा शास्त्रज्ञ जोसेफ प्रिस्टली शिकवायचा. माझ्या मते डिसेंटरांचं सर्वांत मोठं काम ही विद्यालयंच.

मराठीचा धागा इथेच जुळतो. चांभारकी करणारा बाप्टिस्ट विल्यम केरी १७९३मध्ये बंगालात आला. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, म्हणून १८००मध्ये त्याने बंगालमधलंच, पण डॅनिश अमलाखालचं श्रीरामपूर (सेरामपूर) गाठलं. त्याचं मराठी व्याकरण १८०५मध्ये निघालं, १८१०मध्ये मोडी लिपीत छापलेला कोश. पंडित वैजनाथांची त्याला मोठी मदत झाली. अमेरिकेत गेलेल्या काँग्रिगेशनल शाखेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्याच मिशनने १८३१मध्ये अहमदनगरला ठाणं मांडलं आणि १८४२मध्ये 'ज्ञानोदय' सुरू केला. त्या नियतकालिकाच्या पानांवर पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची मराठी उमटली.