नमुना सायकलपटूचा, परीक्षा प्रयोगशाळेची

शर्यतीचा टप्पा संपला की अंतिम रेषेजवळच एक माणूस सायकलपटूला गाठतो आणि तिथून पुढे त्याला नजरेआड होऊ देत नाही. उत्तेजक तपासणीच्या कक्षात सायकलपटू सीलबंद भांड्यांतून स्वतः एक उचलतो. मग छातीपासून गुडघ्यापर्यंतचे कपडे बाजूला करून, अधिकाऱ्याच्या देखत लघवीचा नमुना देतो. किमान ९० मिलिलिटर. कमी भरली तर पाणी पीत बसून राहायचं. ती लघवी तो स्वतःच्या हाताने ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत ओततो. या बाटल्यांची झाकणं एकाच दिशेने फिरतात, फोडल्याशिवाय निघत नाहीत. बाटलीवरचा क्रमांक अर्जावरच्या क्रमांकाशी ताडून तो सही करतो. प्रयोगशाळेत फक्त क्रमांक पोचतो, नाव नाही.

वरच्या दर्जाच्या सायकलपटूंना याशिवाय रोजचा एक तास आधीच कळवून ठेवावा लागतो. पहाटे ५ ते रात्री ११ या वेळेतला कुठलाही एक तास, आणि त्या तासात आपण नेमके कुठे सापडू. बारा महिन्यांत तीनदा चुकामूक झाली की बंदीची कारवाई सुरू. शरीरात बंदी असलेला पदार्थ सापडला, तर तो मुद्दाम घेतला की नकळत गेला, हा प्रश्न शिक्षा ठरवताना येतो. दोष आधीच ठरलेला असतो. प्रयोगशाळेने मात्र सगळं नियमाबरहुकूम केलं, असं धरूनच चालतात. तिची चूक झाली असेल तर ती खेळाडूनेच दाखवायची, आणि नुसती दाखवूनही भागत नाही. त्या चुकीमुळेच असा निष्कर्ष निघाला असू शकतो, हेही पटवून द्यायचं.

हे नियम मला जाचक वाटत असले तरी अनाठायी वाटत नाहीत. ८ जुलै १९९८ रोजी, टूर द फ्रान्स ही सायकलिंगची सगळ्यात मोठी शर्यत सुरू व्हायच्या तोंडावर, फेस्टिना संघाचा मालिशवाला विली व्होएट फ्रान्स-बेल्जियम सीमेवर पकडला गेला आणि त्याच्या गाडीत ईपीओचा साठाच सापडला. ईपीओ म्हणजे तांबड्या रक्तपेशी वाढवणारं संप्रेरक. त्या वेळी ते ओळखणारी चाचणीच नव्हती. सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, म्हणजे यूसीआयने, १९९७ पासून एवढंच ठरवलं होतं की रक्तातल्या पेशींचं प्रमाण ५० टक्क्यांवर गेलं तर शर्यतीला मनाई. म्हणजे ४९ पर्यंत जायला मोकळीक! या प्रकरणातूनच १९९९ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, ‘वाडा’, उभी राहिली. ‘मला ठाऊकच नव्हतं’ ही सबब मान्य केली असती, तर एकही प्रकरण टिकलं नसतं.

पण नमुना घेण्याआधीपासून निकाल लागेपर्यंत अनेक निर्णय माणसं घेतात. कुणाला तपासायचं, कुठल्या प्रयोगशाळेत पाठवायचं, किती सूक्ष्म शोधायचं, निकाल कधी जाहीर करायचा आणि कारणं सांगायची की नाही. सायकलपटूच्या रोजच्या एका तासाचा हिशेब ठेवणाऱ्या यंत्रणेला या निर्णयांचा हिशेब कुणी विचारायचा?

स्पॅनिश सायकलपटू आल्बेर्तो कोन्तादोरचं प्रकरण घ्या. २१ जुलै २०१०, टूर द फ्रान्सचा विश्रांतीचा दिवस. त्या दिवशीच्या नमुन्यात कोलोनच्या प्रयोगशाळेला क्लेनब्युटेरॉल, म्हणजे मांस वाढावं म्हणून जनावरांनाही दिलं जाणारं बंदी असलेलं औषध, सापडलं, दर मिलिलिटरला ५० पिकोग्रॅम. या हिशेबाने एक ग्रॅम क्लेनब्युटेरॉल गोळा करायला २ कोटी लिटर लघवी लागेल. या पदार्थाला किमान मर्यादाच नव्हती. सापडला की संपलं. वाडाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेला किती बारीक शोधता आलंच पाहिजे, याची अट मात्र होती: २ नॅनोग्रॅम, म्हणजे २००० पिकोग्रॅम. कोलोनवाल्यांनी त्याच्या चाळीसपट बारीक शोधलं. कौतुकाचीच गोष्ट. पण तोच नमुना दुसऱ्या एखाद्या, तितकीच अधिकृत मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत गेला असता, तर कदाचित ‘काही सापडलं नाही’ असा शेरा मिळाला असता. खेळाडूचं भवितव्य नमुना कुठे पाठवला यावर ठरत असेल, तर तो दोष यंत्राचा नाही. यंत्रं वेगवेगळी आहेत हे माहीत असूनही नियम एकच ठेवणाऱ्याचा आहे.

कोन्तादोरने गोमांसातून ते शरीरात गेल्याचं सांगितलं. स्पॅनिश महासंघाने त्याला सोडलं, क्रीडा लवाद न्यायालयाने फेब्रुवारी २०१२ मध्ये दोन वर्षांची बंदी घातली. गंमत म्हणजे खेळाडूची मांसाची कहाणी आणि वाडाची रक्तसंक्रमणाची, म्हणजे रक्त चढवून घेतल्याची, या दोन्ही कहाण्यांपेक्षा दूषित पूरक आहाराची शक्यता न्यायालयाला जास्त वाटली. २०१० ची टूर गेली आणि मधल्या काळात जिंकलेली २०११ ची जिरो ही इटलीतली शर्यतही गेली. मग २०१९ मध्ये वाडाने नियम बदलला: क्लेनब्युटेरॉल ५ नॅनोग्रॅम किंवा त्याहून कमी असेल, तर ते दूषित मांसातून आलं का, याची आधी चौकशी करता येईल, थेट दोषाचा शिक्का मारायची गरज नाही. कोन्तादोरचा आकडा या मर्यादेच्या शंभराव्या हिश्शाएवढा होता. चौकशीअंती तो सुटलाच असता असं नाही. पण ज्या नियमाने आधीच्या लोकांना शिक्षा झाल्या तो अपुरा होता, हे यंत्रणेने कृतीने मान्य केलं आणि त्या जुन्या शिक्षांकडे मागे वळून पाहिलं नाही.

अमेरिकी सायकलपटू फ्लॉइड लॅंडिसचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, आणि माझ्या मते या विषयातलं सगळ्यात शिकण्यासारखं. २००६ च्या टूरच्या सतराव्या टप्प्यानंतर त्याच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि त्याचा शरीरातलाच भाऊबंद एपिटेस्टोस्टेरॉन यांचं गुणोत्तर ११ ला १ निघालं. मर्यादा ४ ला १ होती. हे गुणोत्तर नैसर्गिकरीत्याही चढू शकतं, म्हणून दुसरी चाचणी करतात, कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे त्याच्या हलक्या-जड प्रकारांची. औषधी टेस्टोस्टेरॉन वनस्पतींपासून काढलेल्या स्टेरॉलांपासून बनतं, आणि त्यात कार्बन-१३ चं प्रमाण शरीरात तयार झालेल्या संप्रेरकापेक्षा किंचित कमी असतं. फरक हजारात काही भागांचा, पण मोजता येतो.

२००७ मध्ये लवादाने २ विरुद्ध १ अशा मतांनी लॅंडिसला दोषी ठरवलं. मात्र तिघांनीही मान्य केलं की पॅरिसजवळच्या शातने-मालाब्रीच्या प्रयोगशाळेने गुणोत्तराची चाचणी मानकांप्रमाणे केलेली नव्हती. तो निष्कर्ष बाद झाला. समस्थानिकांच्या चाचणीवर शिक्षा टिकली. अशाच चुका चालू राहिल्या तर पुढे एखादं प्रकरण फेटाळलं जाऊ शकतं, अशी समजही लवादाने दिली. ती समजच. जिच्या कामात दोष निघाला त्या प्रयोगशाळेचं त्या निकालाने काही बिघडलं नाही.

पुढच्या वर्षी संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड बेरी यांनी ‘नेचर’ नियतकालिकात याच मुद्द्यावर बोट ठेवलं. त्या टूरमध्ये १२६ नमुने तपासले गेले होते. चाचणी निर्दोष माणसाला १०० पैकी ९९ वेळा निर्दोषच ठरवते, असं धरा. तरी सगळेच्या सगळे १२६ नमुने स्वच्छ असतानाही, एक तरी चुकून दोषी निघण्याची शक्यता ७२ टक्के होते. ०.९९ चा १२६ वा घात काढून १ मधून वजा करा, घरच्या गणकयंत्रावर जमतं. चाचणीची अचूकता ९९ आहे की ९९.९९, यावर सारं अवलंबून. आणि नेमका तोच आकडा, कुठला नमुना कुणाचा हे न सांगता घेतलेल्या पडताळणीतून, जगासमोर मांडलेला नव्हता. पडताळणीसाठी ठेवलेल्या ‘ब’ बाटलीचा इथे फारसा उपयोग नाही. ती सहसा त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासली जाते. अदलाबदल झाली असेल तर ती कळेल; पद्धतच चुकीची असेल तर दोन्ही बाटल्या एकच चूक सांगतील.

२०१० मध्ये लॅंडिसने कबुली दिली: ईपीओ, रक्तसंक्रमण, वाढ संप्रेरक, सगळं केलं. अनेकांनी तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला की चला, निकाल बरोबरच होता. मला हा युक्तिवाद घातक वाटतो. त्या टूरमध्ये टेस्टोस्टेरॉन घेतल्याचं तो कबुलीनंतरही नाकारतच राहिला. खरं-खोटं तो जाणे. पण माणूस दोषी होता म्हणून मोजमापाची पद्धत बरोबर ठरत नाही.

कारणं न सांगण्याचा प्रकार सॅल्ब्युटामोलमध्ये दिसतो. दम्याचं हे औषध फवाऱ्यातून ठरावीक मात्रेपर्यंत घेता येतं. लघवीतली मर्यादा मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅम. आलेस्सांद्रो पेताक्की २००७ मध्ये १३५२ वर सापडला आणि त्याला वर्षाची बंदी झाली, तो फसवेगिरी करणारा नाही असं क्रीडा लवाद न्यायालयाने स्वतः लिहूनही. दिएगो उलिस्सीला १९०० साठी नऊ महिने. क्रिस फ्रूमचा २०१७ च्या वुएल्टा या स्पेनमधल्या शर्यतीतला आकडा २००० होता. लघवी दाट असेल तर आकडा फुगतो, म्हणून नव्याने आलेल्या दुरुस्तीनुसार तो १४२९ झाला, तरी मर्यादेच्या वरच. २ जुलै २०१८ रोजी, टूर सुरू व्हायला पाच दिवस असताना, शिक्षा न होताच प्रकरण बंद झालं. शास्त्रीय बाजू कदाचित भक्कम असेल. हे औषध एकाच माणसात आज एका वेगाने बाहेर पडतं, उद्या दुसऱ्या, हे खरं आहे. पण मग हेच विज्ञान पेताक्कीलाही लागू होतं की! संपूर्ण कारणमीमांसा प्रसिद्ध न झाल्याने फ्रूमच्या बाजूने आणि विरोधात बोलणारे दोघेही आजवर अंदाजच करत आहेत.

हे झालं चुकून दोषी ठरण्याबद्दल. उलटी चूक, म्हणजे दोषी माणूस सुटणं, तिचा जाब तर कुणीच विचारत नाही, कारण सुटलेला तक्रार कशाला करील? २००८ मध्ये यूसीआयने जैविक पारपत्र आणलं, म्हणजे प्रत्येक सायकलपटूच्या रक्ताच्या नोंदींची वही. यात औषध शोधत नाहीत, त्याचा ठसा शोधतात. समजा सायकलपटूचं हिमोग्लोबिन लिटरला १५० ग्रॅम आणि रक्तातल्या कोवळ्या तांबड्या पेशी १ टक्का आहेत. त्या टक्केवारीच्या वर्गमुळाला ६० ने गुणून हिमोग्लोबिनमधून वजा करायचं: ९०. आता त्याने साठवलेलं स्वतःचंच रक्त परत चढवलं. हिमोग्लोबिन १६५ वर गेलं. शरीराला वाटलं पेशी पुरेशा आहेत, त्यामुळे नव्या बनवणं मंदावलं आणि कोवळ्या पेशी ०.२५ टक्क्यावर आल्या. आता उत्तर १३५. दोन्ही मोजमापं सुटी पाहिली तर खपून जातील. एकत्र पाहिली की चोरी दिसते. संगणक प्रत्येकाच्या जुन्या नोंदींवरून त्याची स्वतःची कक्षा आखतो. आकडा कक्षेबाहेर गेला की नाव न सांगता तज्ज्ञांकडे जातो, आणि तिघा तज्ज्ञांचं एकमत झालं तरच कारवाई होते.

पद्धत सुंदर आहे. तिच्यात फटी आहेत, त्याही विज्ञानानेच दाखवल्या. २०११ च्या एका अभ्यासात दहा जणांना बारा आठवडे ईपीओचे बारीक बारीक डोस दिले; पारपत्राच्या संगणकाने एकालाही हटकलं नाही. पण मोठी फट संगणकात नव्हतीच. त्याच अभ्यासाचे प्रमुख मायकेल अॅशेंडन यूसीआयच्या तज्ज्ञ गटात होते. त्यांनी सांगितलं की निवृत्तीनंतर पुन्हा शर्यतीत उतरलेल्या अमेरिकी लान्स आर्मस्ट्रॉंगचं पारपत्र मे २००९ नंतर गटाला दाखवलंच गेलं नाही. पुढे अमेरिकी उत्तेजकविरोधी संस्थेने एका शास्त्रज्ञाला २००९ च्या टूरमधले आर्मस्ट्रॉंगचे आकडे दाखवले, तेव्हा ते नैसर्गिकरीत्या येण्याची शक्यता दहा लाखांत एकापेक्षाही कमी निघाली. अॅशेंडन २०१२ मध्ये गटातून बाहेर पडले; आठ वर्षं तोंड बंद ठेवण्याचं कलम त्यांना मान्य नव्हतं. गुप्ततेचा इतका आग्रह धरणाऱ्या यूसीआयची एक अंतर्गत यादी मात्र २०११ मध्ये ‘लेकिप’ या फ्रेंच दैनिकात छापून आली होती. २०१० च्या टूरमधल्या १९८ सायकलपटूंना संशयाचे ० ते १० गुण! कुणावर आरोप नाही, कुणाला खुलाशाची संधी नाही.

आर्मस्ट्रॉंगच्या सात टूर २०१२ मध्ये काढून घेतल्या गेल्या. यूसीआयने आपल्या वागणुकीची चौकशी करायला एक स्वतंत्र आयोग नेमला आणि दोनतीन महिन्यांत स्वतःच बरखास्त केला. नेतृत्व बदलल्यावर स्विस राजकारणी डिक मार्टी यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा आयोग आला. मार्च २०१५ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात काय नव्हतं? १९९९ मध्ये यूसीआयने आर्मस्ट्रॉंगची मागच्या तारखेची औषधचिठ्ठी चालवून घेतली. त्याच्याकडून देणग्या स्वीकारल्या, एकूण सव्वा लाख डॉलर. त्याच्या १९९९ च्या टूरमधल्या नमुन्यांबद्दलच्या ‘स्वतंत्र’ अहवालाच्या मसुद्यावर यूसीआय आणि आर्मस्ट्रॉंगच्या वकिलांनी हात फिरवला. पुनरागमनाच्या वेळी तपासणी यादीत सहा महिने राहण्याच्या अटीत त्याला तेरा दिवसांची सूट दिली. लाच दिल्याचा पुरावा आयोगाला मिळाला नाही, आणि माझ्या मते हीच खरी काळजीची बाब. लाच लागतच नाही. खेळाचा प्रचार आणि खेळाची तपासणी एकाच छपराखाली असली की नायकाला सांभाळून घेणं आपोआप होतं.

ते छप्पर आता निदान वेगळं आहे. जानेवारी २०२१ पासून सायकलिंगची तपासणी लोझानच्या आंतरराष्ट्रीय चाचणी संस्थेकडे आहे. पैसा अजून खेळातूनच येतो: यूसीआय, संघ, आयोजक आणि खुद्द सायकलपटू. त्याला दुसरा पर्याय मलाही दिसत नाही. पण चाचण्यांची चुकण्याची टक्केवारी, प्रयोगशाळांच्या पडताळणीचे निकाल आणि बंद केलेल्या प्रकरणांची कारणं जाहीर करायला फार पैसा लागत नाही.

चेक सायकलपटू रोमान क्रोइत्सिगरला पारपत्रातल्या संशयावरून २०१४ च्या टूरला मुकावं लागलं. मायदेशातल्या लवादाने त्याला निर्दोष ठरवलं, तेव्हा यूसीआय आणि वाडा दोघांनीही अपील केलं. जून २०१५ मध्ये, सुनावणीला काही दिवस उरले असताना, नव्याने मिळालेल्या माहितीचा हवाला देत दोघांनी ते मागे घेतलं. ती माहिती कोणती, हे सांगितलं नाही. क्रोइत्सिगरने मात्र आपल्या रक्ताचे आकडे आणि खटल्याची कागदपत्रं आधीच इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली होती.