प्लास्टिकच्या कोळशाने कापडाचा रंग धरताना

पाण्याची रिकामी बाटली हवा न लागू देता भाजायची, उरलेल्या कोळशाला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडायची आणि रंगाई कारखान्याच्या सांडपाण्यातला रंग त्याने धरायचा, या दिशेने जगभर प्रयोग चालू आहेत. यामागे दोन जुन्या गोष्टी आहेत, एक कोळशाची आणि एक कापडाची. त्या पहिल्यांदा कुठे भेटल्या हे पाहिले, की आजच्या प्रयोगांचे बळ कळते आणि त्यांची मर्यादाही.

कोळसा रंग खेचतो, हे १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गचे रसायनज्ञ टोबियास लोविट्झ यांनी दाखवले. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या साखर कारखान्यांनी हाडांच्या कोळशातून रस गाळून पांढरी साखर काढली. स्पंज पाणी पितो तसे इथे होत नाही; रंगाचे रेणू कोळशाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. या क्रियेला १८८१ मध्ये हाइनरिख कायझर यांनी वेगळे नाव वापरले. मराठीत आपण तिला अधिशोषण म्हणतो. चिकटायला जागा जितकी जास्त, तितका रंग जास्त धरला जातो. म्हणून १९००च्या सुमारास रसायनज्ञ ओस्ट्रेयको यांनी घेतलेली पेटंटे महत्त्वाची ठरली. धातूंचे क्लोराइड मिसळून किंवा तापलेल्या कोळशावर वाफ सोडून त्यांनी छिद्रे वाढवली. पहिल्या महायुद्धात विषारी वायूंपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांमुळे अशा सक्रिय कार्बनची मागणी एकदम वाढली आणि नारळाच्या करवंटीलाही भाव आला.

आता कापडाची गोष्ट. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, १९५६ मध्ये, मँचेस्टरच्या रसायनज्ञांच्या संशोधनातून सुती धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले. शर्ट धुतल्यावर रंग जात नाही तो यामुळे. पण हौदातला सगळा रंग धाग्याला लागत नाही. काही पाण्याशीच अभिक्रिया करून निकामी होतो, आणि बऱ्याचदा पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त रंग सांडपाण्यात जातो. ऊन, साबण, घाम यांना दाद न देणारा हा रेणू सांडपाणी केंद्रातल्या जिवाणूंनाही सहजी दाद देत नाही. जो गुण ग्राहकाला हवा, तोच नदीला नडतो.

मँचेस्टरभोवतीच्या याच लँकेशायर कापड पट्ट्यात, छापील कापड करणाऱ्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये, विनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये पॉलिएस्टर, म्हणजेच आजच्या पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक पेट (PET), शोधले. ते आधी कापड झाले. बाटली होण्यासाठी नॅथॅनियल वाइथ यांच्या १९७३ च्या पेटंटपर्यंत थांबावे लागले. आज रंग धरण्यासाठी आपण जी बाटली भाजतो, तिचे मूळ घर रंगारी-छपाईवाल्यांचेच आहे. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

प्लास्टिकच्या कोळशाचा शास्त्रीय अभ्यासही जुना आहे. १९५१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ रोझलिंड फ्रँकलिन यांनी पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड आणि पीव्हीसी (पाइपांचे प्लास्टिक) यांच्यापासून केलेल्या कार्बनांची रचना तपासली. खूप तापवल्यावर पीव्हीसीच्या कार्बनचे ग्राफाइट बनते, दुसऱ्याचा सच्छिद्रच राहतो, हे त्यांनी दाखवले. कोणते प्लास्टिक भाजता यावर सगळे अवलंबून, हा धडा तेव्हाचा. पेटमध्ये वजनाने सुमारे ६२ टक्के कार्बन आहे आणि त्यातली बेंझीनची कडी तापल्यावर टिकते, म्हणून साधारण पाचवा हिस्सा कोळसा हाती लागतो. पोटॅशियम हायड्रॉक्साइड या तीव्र अल्कलीबरोबर भाजला तर त्याच्या एका ग्रॅमचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या पलीकडे जाऊ शकतो. दुधाच्या पिशवीचे पॉलिथिन मात्र जवळपास सगळेच तेल आणि वायू होऊन उडून जाते. पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू सुटतो. म्हणजे भंगारवाल्याकडची वर्गवारीच इथे पहिली प्रयोगशाळा.

प्रयोगांतली एक सवय खटकते. चाचणीसाठी बहुधा मिथिलीन ब्लू हा निळा रंग घेतात, तेही स्वच्छ पाण्यात. हा धनभारित, सपाट रेणू कार्बनला चटकन चिकटतो. कारखान्यातले रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, आणि गडद छटेसाठी हौदात लिटरमागे ५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक मीठ असते; म्हणून प्रयोगातला आकडा तिथे तसाच लागू होत नाही.

हे मीठ किती गंभीर आहे ते तमिळनाडूतल्या तिरुप्पूर या कापडाच्या शहराने भोगले. नोय्यल नदीवरचे ओरथुपालयम धरण शेतीसाठी बांधले होते. त्यात रंगाई कारखान्यांचे खारट सांडपाणी साठले आणि खालच्या जमिनी नासल्या. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले शेकडो कारखाने बंद करायला लावले. पाणी बाहेरच न सोडण्याची अट आधीपासूनच होती, ती आता सक्तीने पाळावी लागली. कोळसा रंग धरतो, मीठ धरत नाही; म्हणून तिथे रिव्हर्स ऑस्मोसिस (दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून गाळणे) आणि बाष्पीभवन यांवरच भर राहिला, आणि कार्बनचे काम त्याआधीच्या टप्प्यापुरते.

शिवाय भरलेल्या कोळशात रंग तसाच बसलेला असतो. हा कोळसा पुन्हा तापवून वापरता येतो, पण दर वेळी थोडा जळून घटतो. तसे केले नाही, तर त्याची घातक कचरा म्हणून स्वतंत्र विल्हेवाट लावावी लागते.