हात आवरत नाही तो का? गेमिंगच्या व्यसनामागची पार्श्वभूमी

'पोट्टं ऐकतच नाही' म्हणत पालक नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत येतात. त्यांच्या मते दोष लाडाचा, नाहीतर हट्टाचा. डॉक्टर मात्र दोन गोष्टी वेगळ्या काढतात: सुरू झालेला हात थांबवता येतो का, आणि आत्ताचा फायदा व पुढचं नुकसान यांचा मेळ बसवता येतो का. ही विभागणी मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

१९९४ साली आयोवा विद्यापीठात बेकारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांसाठी पत्त्यांची चाचणी तयार केली. चार गड्ड्या, एकूण १०० वेळा पान उचलायचं, हाताशी २००० डॉलरचं लुटुपुटूचं भांडवल. पहिल्या दोन गड्ड्यांत दर पानाला १०० डॉलर मिळतात, पण दहा पानांत दंड १२५०. उरलेल्या दोन्हींत मिळतात ५०च, दंड मात्र दहा पानांत २५०. म्हणजे एकीकडे दर दहा पानांमागे २५० चा तोटा, दुसरीकडे तेवढाच नफा. तोट्याच्या दोघींतली दुसरी गड्डी सगळ्यात लबाड, कारण तिचा दंड दहात एकदाच पडतो, पण सगळा एकरकमी. निरोगी माणूस हळूहळू कमी देणाऱ्या गड्ड्यांकडे वळतो. रुग्ण तोटा खात राहिले. बुद्धी शाबूत असूनही! 'एवढा हुशार, मग कळत कसं नाही' या प्रश्नातली गोम इथे आहे.

पुढे ही चाचणी दारू, ड्रग्ज, जुगार असं करत गेमिंगपर्यंत आली. तिथे तिचे निकाल एकसारखे नाहीत. 'आज ५०० घेणार की महिन्याने १०००?' या धर्तीच्या चाचण्यांत गेमिंगच्या आहारी गेलेले आणि इतर यांच्यातला फरक जास्त स्पष्ट दिसतो. लगाम आधीच सैल होता की खेळाने केला, हे मात्र अशा एकवेळच्या चाचणीतून ठरत नाही.

निदानाची चौकट त्यामानाने नवी. अमेरिकेच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेने २०१३ मध्ये नऊ निकष दिले (वर्षभरात पाच हवेत), तेही 'आणखी अभ्यास हवा' या यादीत. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, आयसीडी-११, लागू झाली १ जानेवारी २०२२ ला. तिचे निकष: ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसूनही तो चालू राहणं, आणि हे साधारण १२ महिने. तासांची अट दोन्हीकडे नाही. सुट्टीत सहा तास खेळणारा पोट्टा तेवढ्यावरून आजारी ठरत नाही.

सायबर कॅफेच्या काळात सीताबर्डी असो की धरमपेठ, तासाचे पैसे संपले की उठावं लागायचं. लगाम दुकानदाराच्या हातात होता. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि तो लगाम सुटला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. मात्र साध्या गेममधली, पैसे देऊन उघडायची आणि नशिबावर बक्षीस देणारी पेटी त्याच सट्टापट्टीच्या ओढीवर चालते. म्हणून 'किती तास खेळतो' याआधी यूपीआयचा हिशेब पाहावा: रात्री उशिरा, थोड्या मिनिटांच्या अंतराने, तीच छोटी रक्कम पुन्हा पुन्हा गेली आहे का?